गुडघ्यातली बुरशी : आधी ओळख, मग औषध

धानाची पाने करपू लागली की जाणता शेतकरी लगेच पंप खांद्यावर घेत नाही. आधी बांधीत उतरून पान हातात घेतो. हा करपा आहे की कडा करपा, हे तो पाहतो. लांबून दोन्ही रोगांत शेत सारखेच भाजल्यासारखे दिसते. पण करपा बुरशीमुळे होतो आणि कडा करपा जिवाणूंमुळे. करप्यावर चालणारे ट्रायसायक्लाझोल कडा करप्यावर कितीही फवारले तरी पैसा पाण्यात आणि रोग जिथल्या तिथे. ही गोष्ट आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या धान उत्पादकांना वेगळी सांगायला नको.

हाच नियम माणसाच्या शरीरालाही लागू आहे. सुजलेला गुडघा लांबून एकसारखाच दिसतो. आतले कारण मात्र वेगवेगळे असते. त्या कारणांपैकी एक फार क्वचित आढळणारे, पण वेळीच ओळखले नाही तर सांधा कायमचा निकामी करणारे कारण म्हणजे बुरशी. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही बुरशीशी माझा आणि तुमचा आयुष्यभराचा संबंध आहे. शिवाय हा विषय शेताशी, काट्याशी, तणसाशी आणि फवारणीच्या पंपाशी जोडलेला आहे. म्हणून तज्ज्ञांच्या लिखाणातून जे पक्के समजले ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहे.

बुरशी सगळीकडे, मग रोग थोड्यांनाच का?

मातीत, शेणखतात, ओल्या तणसात, साठवलेल्या धान्यात, घराच्या भिंतीवर बुरशी असतेच. तिचे बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शरीराची ही राखण ढिली झाली की मात्र एरवी निरुपद्रवी असलेली बुरशी आत घर करते.

ही राखण कोणाची ढिली होते? ज्यांचा मधुमेह ताब्यात नाही त्यांची. संधिवात, दमा किंवा त्वचारोगासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांची. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांची किंवा डायलिसिसवर असलेल्यांची. एचआयव्हीबाधितांची. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात प्लीहेचे काम मंदावते आणि निरनिराळे जंतुसंसर्ग लवकर होतात. सिकलसेलच्या मुलाचा सांधा दुखला तर ती बहुधा आजाराची नेहमीची कळ असते, पण हाडात किंवा सांध्यात जंतू शिरल्याचीही शक्यता असते. म्हणून ताप आणि सूज सोबत आली तर घरी वाट पाहू नये.

प्रतिकारशक्ती ढिली झाली की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण नागपूरसह सगळीकडे वाढले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टिरॉइड दिलेले होते. बुरशी नाक, डोळा आणि जबड्याच्या हाडापर्यंत गेली. काहींचे जबडे काढावे लागले, काहींचे डोळे गेले. अँफोटेरिसिन नावाच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांना वणवण करावी लागली. हाडात गेलेली बुरशी किती चिवट असते, हे त्या वर्षी घरोघरी कळले.

सांध्यात बुरशी जाते कशी?

तीन वाटा आहेत. पहिली वाट रक्ताची. दवाखान्यात बरेच दिवस सलाईनची नळी असलेल्या अशक्त रुग्णाच्या रक्तात कँडिडा नावाची बुरशी शिरते आणि रक्तासोबत गुडघ्यापर्यंत पोहोचते. दुसरी वाट थेट सांध्यात घुसणाऱ्या वस्तूची. बाभळीचा काटा, बांबूची सळ, विळ्याची जखम किंवा अस्वच्छ सुई ही तिची उदाहरणे. तिसरी वाट शेजारच्या हाडातून किंवा सांध्यावरच्या शस्त्रक्रियेनंतरची.

सुईच्या वाटेचे मोठे उदाहरण अमेरिकेत २०१२ साली घडले. तेथे तयार झालेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांच्या काही कुप्यांत बुरशी शिरली होती. ती इंजेक्शने पाठीच्या कण्याजवळ आणि सांध्यांत दिली गेली. ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले. बहुतेकांना मेंदूच्या आवरणाचा किंवा कण्याचा आजार झाला, पण काहींच्या सांध्यांतच बुरशी वाढली. ती बुरशी होती एक्सेरोहायलम. मका, ज्वारी आणि गवतांच्या पानांवर ठिपके पाडणारी, म्हणजे आपल्या शेतीच्या पुस्तकातली! इंजेक्शन हे वाईट नाही, योग्य रुग्णाला त्याने आराम मिळतो. पण सांध्यात सुई घालायची ती निर्जंतुक हातांनी, सीलबंद औषधाने आणि शिकलेल्या डॉक्टरानेच. बाजाराच्या दिवशी खाटेवर बसवून गुडघ्यात सुई टोचणाऱ्याकडे जाऊ नये.

महाराष्ट्रात घडलेला जुना शोध

पायात बुरशी शिरून हाडे व सांधे पोखरण्याचा एक रोग आपल्या देशात फार जुना आहे. १८४२ साली मदुराई येथे त्याची नोंद झाली, म्हणून त्याला ‘मदुरा पाय’ म्हणतात. या रोगाचा खरा अभ्यास मात्र महाराष्ट्रात झाला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे इंग्रज डॉक्टर १८५८ साली मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. जगभर वैद्यकाचे विद्यार्थी ज्या ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ ग्रंथावरून शरीररचना शिकले, त्याच्या पहिल्या आवृत्तीची चित्रे यांच्याच हातची. त्यांनी मदुरा पायाचे कापलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आतले काळे कण तपासले आणि हा बुरशीचा रोग असल्याचे मांडले. १८६० साली त्याला ‘मायसिटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ हे नाव त्यांनी दिले. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते आणि १८७४ साली त्यांनी या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मदुरा पाय प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यालाही होतो. अनवाणी चालताना काटा रुततो, महिन्या-वर्षांनी न दुखणारी गाठ येते, मग तिला छिद्रे पडून पाण्यासोबत बारीक कण बाहेर येतात. गाठ, छिद्रे आणि कण ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर ओळखावे. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि रोग आतल्या आत हाडे खात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या रोगाचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला.

पुढच्या संशोधनात कळले की दिसायला एकच असलेला हा रोग दोन प्रकारचा आहे. एक बुरशीमुळे होतो, दुसरा जिवाणूंमुळे. जिवाणूंचा असेल तर प्रतिजैविकांनी बहुधा चांगला गुण येतो. बुरशीचा असेल तर बुरशीनाशक औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त आणि जोडीला शस्त्रक्रिया लागते. करपा आणि कडा करपा यांचाच हा मानवी अवतार म्हणा.

कोणत्या सुजेची शंका घ्यावी?

गुडघा दुखणाऱ्या शंभरांतल्या बहुतेकांना झीज, वातरक्त किंवा संधिवात असतो. जंतूंमुळे सुजलेल्या सांध्यातही बुरशीपेक्षा साधे जिवाणू आणि क्षयाचे जंतू कितीतरी अधिक वेळा सापडतात. तेव्हा हे वाचून घाबरून जाऊ नये.

सांधा एकाएकी लाल, गरम झाला, भरपूर ताप आला आणि पाय टेकवेना, तर तो बहुधा जिवाणूंचा पू असतो. त्यात एक दिवसही दवडू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बुरशीचे वागणे वेगळे. ती हळू चालते. सूज आठवड्या-महिन्यांत वाढते. ताप थोडा असतो किंवा नसतोच. एकच सांधा धरलेला असतो, बहुतेक वेळा गुडघा. नेहमीच्या प्रतिजैविकांनी फरक पडत नाही. स्टिरॉइड दिले तर चार दिवस बरे वाटते आणि मग सूज दुप्पट होते, कारण त्या औषधाने शरीराची राखण आणखी ढिली होते.

येथेच आपल्याकडे मोठा धोका आहे. सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि सुट्या गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. रोवणीच्या दिवसांत कंबर-गुडघे धरले की मायबहिणी त्या घेतात. काम उरकते, पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, प्रतिकारशक्ती खालावते. अशा पुड्या घेत असाल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, जमल्यास पुडी सोबत न्या. आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, त्याने जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.

तपासणी : सांध्यातले पाणी बोलते

मातीपरीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरत नाही, तसे सांध्यातले पाणी तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. डॉक्टर निर्जंतुक सुईने ते पाणी काढतात. शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्याआधी ते काढलेले बरे, नाहीतर जंतू दडून बसतात. त्या पाण्याची तपासणी जिवाणू, क्षय आणि बुरशी अशा तिन्हींसाठी व्हायला हवी. बुरशीची तपासणी वेगळी मागावी लागते, म्हणून नातेवाइकांनी नम्रपणे विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, बुरशीसाठीही नमुना पाठवला आहे का?’

बुरशी प्रयोगशाळेत उगवायला वेळ लागतो. काही जाती दोन-तीन दिवसांत उगवतात, तर काहींना चार आठवडेही लागतात. धान पेरून दुसऱ्या दिवशी पऱ्हे मागून चालत नाही, तसेच हे. पाण्यातून उलगडा झाला नाही तर सांध्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासतात. एक्स-रे व एमआरआयने हाड किती खाल्ले गेले ते कळते.

उपचार : धुणे, औषध आणि धीर

उपचाराचे तीन भाग असतात.

पहिला भाग सांधा साफ करण्याचा. साचलेला पू आणि सडलेला भाग आत तसाच ठेवून वर औषध देणे म्हणजे बांधीतले साचलेले पाणी न काढता मूळकुजीवर औषध ओतणे. म्हणून सांधा धुतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करून रोगट भाग काढतात. कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर बहुधा तो काढावा लागतो, कारण बुरशी त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते.

दुसरा भाग औषधाचा. येथे जात ओळखण्याला मोल आहे. कँडिडा असेल तर फ्लुकोनॅझोल किंवा कॅस्पोफंजिनसारखे इंजेक्शन, एकूण किमान ६ आठवडे. अस्परजिलस असेल तर मुख्यतः व्होरिकोनॅझोल, किमान ८ आठवडे आणि पुष्कळदा ६ महिन्यांहून अधिक. काट्यातून शिरणारी स्पोरोथ्रिक्स हाडासांध्यात गेली तर इट्राकोनॅझोल किमान १२ महिने. म्युकरवर व्होरिकोनॅझोलचा उपयोग होत नाही, तेथे अँफोटेरिसिनच लागते. अँफोटेरिसिनने मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो आणि रक्तातले पोटॅशियम कमी होते, म्हणून ते रुग्णालयात, वरचेवर रक्त तपासत देतात.

तिसरा भाग शरीराची राखण पुन्हा उभी करण्याचा. साखर ताब्यात आणणे, स्टिरॉइड जमेल तितके कमी करणे, एचआयव्हीची औषधे न चुकता घेणे, पोटभर सकस अन्न घेणे. हे नसेल तर महागडे औषधही तोकडे पडते. सांधा शांत झाल्यावर व्यायामतज्ज्ञाच्या सल्ल्याने हालचाल सुरू करावी, नाहीतर जंतू गेले तरी गुडघा आखडून बसतो.

औषध घेणाऱ्या शेतकऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्होरिकोनॅझोल चालू असताना उन्हाने कातडी भाजते आणि काहींना काही वेळ अंधूक दिसते. म्हणून त्या काळात भर उन्हात काम नको, पूर्ण बाह्यांचे कपडे व डोक्याला शेला हवा, आणि नजर साफ नसताना ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये. ही गोळी जेवणाआधी किंवा नंतर तासाभराचे अंतर ठेवून घ्यावी. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल मात्र जेवणानंतर लगेच घ्यायची, आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांनी तिचे काम कमी होते. फ्लुकोनॅझोलसोबत ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. थरथर, घाम, चक्कर आली तर लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावे. यकृताची तपासणी सांगितलेल्या तारखेला चुकवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूज उतरली म्हणून औषध सोडू नये. हाडात उरलेला कण पुन्हा उगवतो.

पंपातले औषध आणि दवाखान्यातले औषध

बुरशीवरची कितीतरी औषधे मातीतूनच आली. पुण्याजवळच्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले आणि १९६१ साली ते जाहीर केले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव आजही आहे. हॅमायसिन तोंडातल्या, कानातल्या बुरशीवर वापरले गेले. त्याच संस्थेचे ऑरिओफंजिन पिकांवरच्या रोगांसाठी शेतकऱ्यांच्या हाती आले. माणूस आणि पीक यांचे औषध एकाच अंगणात जन्मले!

पण या नात्याची दुसरी बाजूही आहे. धानावरच्या पर्णकोष करप्यासाठी आपण हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल फवारतो. दवाखान्यातली इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल ही त्यांचीच भावंडे, बुरशीच्या पेशीवर एकाच ठिकाणी घाव घालणारी. शेतात ही औषधे वारंवार फवारली की मातीतली अस्परजिलस बुरशी त्यांना सरावते आणि मग रुग्णाला दिलेली गोळीही तिच्यावर चालत नाही. दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ साली अशी सरावलेली बुरशी भारतातल्या धानाच्या शेतांत, चहाच्या मळ्यांत, रुग्णालयाच्या बागेतल्या कुंड्यांतही सापडल्याचे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अत्यंत धोकादायक बुरशींच्या यादीत अस्परजिलस फ्युमिगेटसला वरच्या गटात ठेवले.

म्हणून फवारणीचा नियम आता केवळ खर्चाचा राहिलेला नाही. रोग दिसल्याशिवाय फवारू नका. शिफारशीपेक्षा कमी वा जास्त मात्रा घेऊ नका. एकाच गटाचे औषध पाठोपाठ मारू नका, गट बदला. दाट रोवणी आणि नत्राचा अतिरेक टाळला तर रोगच कमी येतो. आणि शेतातले बुरशीनाशक नायट्यावर, जखमेवर किंवा पायाच्या भेगांवर कधीही लावू नका. ते विष आहे.

घरी काय करावे?

१. बांधीत, धुऱ्यावर, बाभळीखाली अनवाणी फिरू नये. काटा रुतला तर पूर्ण काढावा, जखम साबण-पाण्याने धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्यावे. शेण, माती, हळद-चुना जखमेत भरू नये.

२. मधुमेह असलेल्याने रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, नातवाला दाखवावेत.

३. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने बुरसटलेले तणस, कोंडा, कुजलेले खत हाताळू नये. चुरण्याच्या वेळी धुळीपासून लांब राहावे, निदान नाका-तोंडाला फडके बांधावे.

४. एकच सांधा दोन-तीन आठवडे सुजलेला राहिला, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तेथून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि गरज पडल्यास नागपूरला पाठवतात. सगळे जुने कागद, एक्स-रे, चालू गोळ्या एका पिशवीत ठेवाव्यात.

५. उपचार लांबणारा असतो, खर्च मोठा असतो. शेत गहाण टाकण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हा उपचार बसतो का ते विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्यावे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखतो, ही गोष्ट आपण वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण ज्याला साखर आहे, ज्याची स्टिरॉइडची गोळी चालू आहे, ज्याचे मूत्रपिंड थकले आहे, अशाचा एकच गुडघा फुगत चालला असेल तर त्याला वयाच्या खात्यावर टाकू नका. पीक हातचे गेले तर पुढल्या हंगामात पुन्हा पेरता येते. सांधा गेला की पुन्हा उगवत नाही.